गडावर मुक्काम केला की सकाळी शौचाला जायचं कुठे?

कातळवाट:
गेल्या ऑक्टोबरात हरिश्चंद्रगडावर मुक्काम होता. पहाटे देवळाजवळच्या ओढ्याकाठी झुडपांमागे गेलो तर पाय ठेवायला जागा नाही. वेट वाइप्स, टिश्यू, त्यावर माश्या. तिथून चाळीस पावलांवर आमच्यातली एक मुलगी प्यायची बाटली भरत होती. ओरडूनच थांबवलं तिला.

माझं मत स्पष्ट आहे. मुक्कामी ट्रेकला प्रत्येकाच्या सॅकमध्ये खुरपं हवंच. पाण्यापासून निदान 60 मीटर लांब जायचं, म्हणजे ऐंशीएक पावलं. वीतभर खोल खड्डा, वर माती. वाइप्स आणि पॅड पुरायचे नाहीत, पिशवीत घालून खाली आणायचे. वाइप्समध्ये बहुतेकदा प्लास्टिकचे धागे असतात, ते कुजत नाहीत.

माळरान:
नाही पटलं. आमच्या गावी पिढ्यान् पिढ्या लोक टमरेल घेऊन रानात जात होते. रान संपलं का? गुरंही तिथेच चरतात. उगाच बाऊ.

कातळवाट:
गावात माणसं पांगून जायची. गडावर शनिवारी रात्री शेकडो माणसं, आणि आडोसा त्याच चार झुडपांचा. शेणाशी बरोबरी तर करूच नका. टायफॉइड आणि दूषित पाण्याची कावीळ माणसाच्या विष्ठेतून माणसालाच होते. आपल्या गावांतही हगवणीच्या साथी आल्याच होत्या की.

घाटमाथा:
मूळ मुद्द्याशी सहमत, पण खुरप्याशी नाही. वीतभर खणायला वीतभर माती तर हवी! आपले गडमाथे म्हणजे बसाल्टचा कातळ, वर चार बोटं माती. खोल मातीच्या जंगलातला नियम इथे चालत नाही. जानेवारीत पुरलेलं जूनच्या पहिल्या सरींत उघडं पडतं आणि उताराने थेट पिण्याच्या पाण्याच्या टाक्यात. पुरलेल्या विष्ठेत वर्षभरानंतरही जंतू जिवंत राहू शकतात. शिवाय लेणी-देवळांच्या आसपास खणायचंच कशाला?

वरचा मुक्काम बंद करा. पायथ्याला राहा, तिथला संडास वापरा, पहाटे तीनला चढायला लागा.

पायथ्याचा:
मी खालच्या वाडीतला. मुक्काम बंद म्हणणं सोपं आहे दादा. आमच्या पोरांची वर झोपडी आहे, पिठलं-भाकरीवर घर चालतं. आणि सगळे खाली आले तरी पाण्याचं काय? एप्रिल-मे महिन्यात बाया डोक्यावर हंडे आणतात. एका घरच्या संडासाला शंभर पाहुणे झेपत नाहीत. पण वरची घाण आमच्याच ओढ्याला येते, हेही खरं.

निवांत भटकी:
एक गोष्ट कुणी बोललंच नाही. आडोसा नसतो म्हणून कितीतरी मुली संध्याकाळपासून पाणीच पीत नाहीत. मीही हे केलंय आणि उतरताना चक्कर येऊन बसले आहे. तेव्हापासून आमच्या गटात एक छोटा उभा तंबू असतो आणि घट्ट झाकणाचा डबा. आत जाड पिशवी, तळाशी लाकडाचा भुसा, प्रत्येक वेळी वरून मूठभर. वास येत नाही. एव्हरेस्टवर 2024पासून गिर्यारोहकांना आपली विष्ठा पिशवीत भरून खाली आणणं सक्तीचं आहे. आपल्याला तर दोन-तीन तासच उतरायचं असतं.

माळरान:
आणि अर्ध्या वाटेत कंटाळून पिशवी दरीत फेकली तर? उघड्यावरचं निदान उन्हात वाळतं तरी. पिशवीतलं वर्षानुवर्षं तसंच राहील.

निवांत भटकी:
ही भीती खरी आहे. म्हणून आमच्याकडे पिशवी ज्याची त्याच्याकडे नसते. डबा एकच, लीडरच्या पाठीवर.

कातळवाट:
घाटमाथा, कातळावर खुरप्याचा आग्रह सोडला. तुमचं बरोबर आहे. मुक्काम बंद मात्र मला मान्य नाही. पुढच्या महिन्यात रतनगडाला बारा जण आहोत, दोन डबे नेतो. खाली आल्यावर रिकामे कुठे करायचे, तेवढंच अडलंय.

पायथ्याचा:
ज्या घरी जेवणार त्या घरी आधी फोन करून विचारा. शोषखड्ड्याचा संडास असेल तर भुश्यासकट त्यात चालेल, पण आत वाइप्स नकोत आणि पिशवी तुमची तुम्ही परत न्या. डबा धुवायचं पाणी येताना गाडीतून आणा.