विष्णुपुरीच्या पाण्यात बोट बांधायची कशी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आम्ही नांदेडचे. काकांनी चौघं बसतील अशी छोटी फायबरची बोट घेतली आहे, मागे आउटबोर्ड इंजिन. गोदावरीत विष्णुपुरी धरणाच्या वरच्या अंगाला फिरवतो. अडचण आहे ती बांधून ठेवण्याची. पाणी उतरलं की बोट काळ्या गाळात रुतून कलंडते, अन् दोर सैल सोडला तर वाऱ्याने काठाला घासते. एका बाजूचा रंग पार खरवडून निघालाय. नांगराचा दोर खोलीच्या पाच ते सात पट सोडतात, हे ठाऊक आहे. पण या चिकट गाळात आकड्यांचा नांगर धरेल की पसरट पात्याचा? पावसाळ्यात दरवाजे उघडायच्या आधीच बोट बाहेर काढू, तिथे धोका पत्करायचा नाही. पैठणला नाथसागरावर कुणी पिंपांचा तरंगता धक्का केलाय का? भोई मंडळींकडून शिकलेलं काही असेल तर तेही कृपया सविस्तर सांगा.