बारा लेव्हलच्या वर 'विश' आला असता तर?

'बाल्डर्स गेट ३' हा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावरच्या खेळावर बेतलेला कॉम्प्युटर गेम; त्यात पात्रांना १२ व्या लेव्हलवर अडवणं हा बनवणाऱ्यांचा निव्वळ आळस, असं कोणीतरी म्हटलंय, ते पटत नाही. मूळ खेळात १७ व्या लेव्हलला विझार्डला (जादूगाराला) 'विश' हा इच्छा पुरवणारा स्पेल (मंत्र) मिळतो. टेबलावर खेळाडू काहीही मागतो, डीएम (खेळ चालवणारा) तिथल्या तिथे निभावून नेतो; कॉम्प्युटरला प्रत्येक उत्तर आधीच लिहून ठेवावं लागतं. म्हणून 'बाल्डर्स गेट २'च्या 'थ्रोन ऑफ भाल' या विस्तारात (२००१) 'विश' वापरला की जिन येऊन मोजकेच पर्याय द्यायचा, तेही विझार्डच्या विजडमच्या (शहाणपणाच्या) गुणांप्रमाणे. कमी असेल तर भोगा! युक्ती झकास होती. पण त्यात 'वापरलेले सगळे स्पेल परत' हाही पर्याय निघायचा, मग स्पेल नसलेला फायटर (योद्धा) बिचारा नुसता बघत उभा. वेळ थांबवणाऱ्या 'टाइम स्टॉप' स्पेलबद्दल तर बोलूच नका. माझ्या मते लेव्हलपेक्षा स्वस्तातला लाँग रेस्ट (स्पेल परत मिळवून देणारी मोठी विश्रांती) आधी आवरायला हवा होता.