भाव पत्त्यावर, व्हिसा पासपोर्टवर

(आमच्या घरच्या ग्रुपवरची चर्चा, डिसेंबर २०२५. जूनमध्ये आई-बाबांच्या लग्नाला चाळीस वर्षं होतायत. सगळ्यांनी मिळून अलास्काला क्रूझनं जायचं ठरतंय. सिॲटलहून निघून सिॲटललाच परत, सात रात्री.)

ताई (न्यू जर्सी): मी काल रात्री बसून भाव काढले. तीच बोट, तीच तारीख, तीच बाल्कनीवाली केबिन. माझ्या इथे पुण्याच्या एजंटपेक्षा बरंच स्वस्त पडतंय. मी म्हणते, सगळ्यांच्या केबिन मीच काढते. पैसे मागाहून द्या.

आत्या (ठाणे): अगं मग प्रश्नच मिटला! काढून टाक.

दादा (रेडिंग, इंग्लंड): जरा थांबा. माझ्याकडे भाव ताईपेक्षा जास्त दिसतोय, पण त्यात हीथ्रो ते सिॲटल विमान जाऊन-येऊन धरलंय. ताईच्या आकड्यात विमान आहे का?

ताई (न्यू जर्सी): नाही. फक्त बोट. टिपपण वेगळी, रोज माणशी सोळा ते वीस डॉलर.

छोटी (मेलबर्न): आणि मी जो आकडा सकाळी टाकला होता तो ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये आहे. काकांनी तो अमेरिकन समजून रुपये केले, म्हणून माझा सगळ्यात महाग वाटला.

मी: म्हणूनच म्हणतो, आकड्याला आकडा लावू नका. मी एजंटकडून पुण्याच्या अटींची पीडीएफ मागवली, ताई-दादांनी आपापल्या पाठवल्या. तिन्ही शेजारी ठेवून दोन रात्री वाचल्या. बोट एक आहे, पण करार तीन आहेत. आपण कुठल्या देशातून काढतो त्यावर भाव बदलतो, हे सगळ्यांना कळलंय. त्याच्याबरोबर अनामत परत मिळणार की नाही, कंपनी बुडाली तर पैसे कोण देणार, भांडण झालं तर कुठल्या कोर्टात जायचं, हेही सगळं बदलतं. ते कोणी बघत नाही.

बाबा: सविस्तर लिही. घाई नाही.

मी: आधी अनामत. ताईच्या करारात फायनल पेमेंटच्या तारखेपर्यंत, म्हणजे निघायच्या ९० दिवस आधीपर्यंत, रद्द केलं तर भरलेली रक्कम परत. मधल्या काळात भाव उतरला तर फोन करून कमी भावात बदलूनही मिळतो. (तिथेही ‘नॉन-रिफंडेबल’ नावाचं थोडं स्वस्त भाडं असतं. ताई, तू बघितलेलं ते नाही ना?) दादाच्या करारात अनामत भरली की ती गेली. भाव उतरला तरी त्याला फरक मिळत नाही.

ताई (न्यू जर्सी): आत्ता बघितलं. माझं रिफंडेबलच आहे.

दादा (रेडिंग): अनामत जाते हे खरंय. पण आमच्याकडे दुसरी बाजू भक्कम आहे. विमान आणि बोट एकत्र घेतलं की ॲटॉलचं संरक्षण मिळतं. १९७३ पासूनची योजना आहे, माणशी अडीच पौंड त्या निधीत जातात. विकणारी कंपनी बुडाली तर पैसे परत, आणि आपण परदेशात असलो तर घरी आणायची व्यवस्था. शिवाय २०१८ चे पॅकेजचे नियम आहेत. बुकिंगनंतर भाव ८ टक्क्यांहून जास्त वाढवला तर मला दंड न भरता रद्द करता येतं. निघायला २० दिवसांपेक्षा कमी उरले की वाढवताच येत नाही.

काका (ठाणे): हे आपल्याला मिळेल का? दादाकडून काढलं तर?

दादा (रेडिंग): तुमचं विमान मुंबईहून, काका. तुम्ही काही इथून पॅकेज घेणार नाही.

मी: काका, अमेरिकेतही एक संरक्षण आहे आणि ते आपल्याला मिळतं. ५० किंवा जास्त प्रवाशांची सोय असलेली बोट अमेरिकेच्या बंदरातून माणसं घेत असेल, तर फेडरल मेरिटाइम कमिशनकडे आर्थिक हमी द्यावी लागते. प्रवास झालाच नाही तर परताव्यासाठी ती हमी. बुकिंग कुठून केलं याच्याशी संबंध नाही, बोट कुठल्या बंदरातून सुटते याच्याशी आहे. हीच सहल कॅनडातल्या व्हँकुव्हरहून घेतली असती तर ती हमी लागू नसती. म्हणून सिॲटल ठरवलं ते बरं झालं.

आत्या (ठाणे): बुडणं वगैरे मनातही आणू नका रे.

मी: आत्या, जानेवारी २०२२ मध्ये क्रिस्टल सिम्फनी नावाची अगदी वरच्या दर्जाची बोट मायामीला परतत होती. इंधनाच्या थकबाकीपायी अमेरिकेच्या कोर्टानं जप्तीचं वॉरंट काढलं होतं, म्हणून ती मायामीला न जाता बहामाजमधल्या बिमिनीला गेली. प्रवाशांना दुसऱ्या बोटीनं फ्लोरिडाला आणलं. त्या बोटीच्या मूळ कंपनीनं, गेंटिंग हाँगकाँगनं, त्याच महिन्यात कंपनी गुंडाळण्यासाठी कोर्टात अर्ज केला होता. एवढ्या महाग बोटीवर हे झालं. आपल्या मुंबईहून सुटणारी कर्णिका बोट २०२० मध्ये अलंगला मोडीत गेली. तुम्हाला घाबरवायला नाही सांगत, पैसे भरायच्या आधी विचारावं म्हणून सांगतो.

मावशी (नाशिक): माझं एक विचारायचं राहतंय. मी एकटी आहे. मला अर्ध्या केबिनचे पैसे पडतील ना?

मी: नाही मावशी, आणि हे मला फार लागलं. सगळीकडचे भाव ‘माणशी, दोघांत एक केबिन’ असेच छापलेले असतात. एकटं माणूस राहिलं की बहुतेक वेळा दोघांचं भाडं. पुण्यात, लंडनला, न्यू जर्सीला तेच. तुमचे यजमान नाहीत म्हणून दुप्पट पैसे, हे मला पटत नाही. तुम्ही आत्या-काकांच्या केबिनमध्ये तिसऱ्या म्हणून राहणार का? तिसऱ्याचं भाडं कमी असतं.

आत्या (ठाणे): अगं तू माझ्याचकडे रहा. काकांना सोफ्यावर झोपवू.

काका (ठाणे): मला चालेल.

ताई (न्यू जर्सी): बरं, पण मूळ प्रश्न. मी सगळ्यांच्या काढल्या तर अडचण काय?

मी: ताई, तुझी माया कळते. पण बुकिंग करताना प्रत्येक प्रवाशाचा राहण्याचा पत्ता विचारतात. ‘हा भाव अमेरिका व कॅनडाच्या रहिवाशांसाठी’ असं तुझ्याच पीडीएफच्या पहिल्या पानावर आहे. इतर देशातल्या माणसाला तो लावला तर फरक मागायचा किंवा बुकिंग रद्द करायचा हक्क कंपनीनं स्वतःकडे ठेवलाय. आईबाबांचा पत्ता तुझ्या एडिसनचा लिहायचा म्हणजे खोटं लिहायचं. बाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाच्या सहलीत ते नको.

बाबा: नको. अजिबात नको.

मी: दुसरं म्हणजे करार. अमेरिकन अटींत दावा कुठे लावायचा ते आधीच ठरवून टाकलेलं असतं. १९९१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हे मान्य केलंय. वॉशिंग्टन राज्यातलं जोडपं लॉस एंजेलिसहून सुटणाऱ्या बोटीवर गेलं, बाईंना बोटीवर इजा झाली, आणि तिकिटावर लिहिलंय म्हणून दावा फ्लोरिडातच लावायला हवा असा निकाल लागला. आईचा पाय डेकवर घसरला तर आपण पुण्याहून अमेरिकेत वकील शोधणार का?

छोटी (मेलबर्न): आमच्याकडचं रुबी प्रिन्सेसचं प्रकरण माहितीय ना? ८ मार्च २०२० ला सिडनीहून सुटली, कोविड घेऊन परत आली. एकाच बोटीवर काही लोक ऑस्ट्रेलियन अटींवर, काही ब्रिटिश, आणि ६९६ जण अमेरिकन अटींवर. अमेरिकन अटींत लिहिलेलं की सगळ्यांनी मिळून दावा करायचा नाही. आमच्या हायकोर्टानं (इथलं सर्वोच्च न्यायालय तेच) ६ डिसेंबर २०२३ ला ती अट अन्यायकारक ठरवली, तेव्हा कुठे त्या लोकांना सगळ्यांबरोबर उभं राहता आलं. शेजारच्या केबिनमधल्या माणसाला हा प्रश्नच नव्हता!

मी: हेच मला सांगायचं होतं. तू माझ्यापेक्षा नीट सांगितलंस.

आई: मग आपल्या पुण्याच्या करारात काय आहे रे?

मी: आई, भाव जास्त दिसतो त्यात दोन गोष्टी आहेत. समजा आठ लाखांचं पॅकेज. ५ टक्के जीएसटी, म्हणजे ४० हजार. तो गेला. मग टीसीएस, म्हणजे एजंट आपल्याकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरतो तो आयकर. २०२५-२६ या आर्थिक वर्षात १० लाखांपर्यंत ५ टक्के, त्यावरच्या रकमेवर २० टक्के. हा मात्र खर्च नाही. बाबांच्या २६एएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या नोंदीत, दिसेल आणि रिटर्न भरताना वळता होईल. तो बाजूला काढला की ताईच्या आणि आपल्या भावातलं अंतर बरंच कमी होतं. अलास्काचा प्रवासी कर, माणशी साडेचौतीस डॉलर, तर कुठूनही काढा, तेवढाच.

आणि बिनसलं तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. भरलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर पुण्यातच. एजंट पुण्यात बसतो, त्याला बोलावता येतं. हे मला दहा-बारा हजारांच्या फरकापेक्षा मोलाचं वाटतं.

आत्या (ठाणे): एजंटचं मी सांगते. मागच्या खेपेला आम्ही सहल रद्द केली तेव्हा बोटीच्या कंपनीनं कापले ते कापले, एजंटनं स्वतःचे वेगळे कापले. म्हणे पावतीच्या मागे लिहिलंय. ते आधी विचारून घे.

मी: नक्की. लेखी घेतो. कंपनीचं कापणं किती, एजंटचं किती, दोन वेगळ्या ओळींत.

दादा (रेडिंग): एक महत्त्वाचं. मला भाव इंग्लंडचा मिळतो, पण पासपोर्ट अजून भारतीय आहे. म्हणजे मलाही अमेरिकेचा व्हिसा लागणार?

मी: हो. भाव पत्त्यावर, व्हिसा पासपोर्टवर. आणि फक्त अमेरिकेचा नाही, कॅनडाचाही. आपली बोट एक संध्याकाळ व्हिक्टोरियाला थांबते. ती हौस नाही, कायदा आहे. १८८६ चा. परदेशी झेंड्याच्या बोटीला अमेरिकेतल्या बंदरांमध्येच फिरून परत येता येत नाही, मध्ये परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून सिॲटलवाल्या बोटी व्हिक्टोरियाला जातात. तिन्ही करारांत एक वाक्य मात्र सारखं आहे: व्हिसा नसल्यामुळे बोटीवर चढू दिलं नाही तर पैसे परत नाहीत.

मावशी (नाशिक): अरे देवा. माझा तर कॅनडाचा नाही.

मी: म्हणून मावशी, क्रम उलटा करू. आधी व्हिसाचे अर्ज, मग फायनल पेमेंट. बोट १२ जूनची, म्हणजे १४ मार्चपर्यंत वेळ आहे.

ताई (न्यू जर्सी): ठीक. मग ज्यानं त्यानं आपापल्या देशातून काढायचं. पण रात्री जेवायला एका टेबलावर नाही बसता आलं तर मला वाईट वाटेल.

मी: ते होतं. सगळ्यांचे बुकिंग नंबर एकमेकांना जोडून द्या म्हणून सांगायचं. देश वेगळे असले तरी जोडतात असं एजंट म्हणाला. नंबर आला की लगेच इथे टाका.

बाबा: ताई, तू सोमवारी तुझी काढ. दादा, तू विमानासकट. आम्ही सहा जण पुण्यातून. मावशींच्या कॅनडाच्या अर्जाला मी बसतो.

मावशी (नाशिक): पासपोर्टचा फोटो पाठवू का आत्ता?

मी: इथे ग्रुपवर नको मावशी, बाबांना वेगळा पाठवा. मुदत कधी संपते तेवढी सांगा फक्त.

मावशी (नाशिक): सप्टेंबर २०२६.

मी: मग आधी पासपोर्टचं नूतनीकरण. उद्याच अर्ज भरू. दहा वाजता फोन करतो.