मदत हवी आहे: ग्रेपला ओळीचा शेवट सापडत नाही

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयाच्या सभासदांची यादी एका टेक्स्ट फाइलमध्ये आहे, प्रत्येक ओळीच्या शेवटी पिनकोड. मला फक्त सदाशिव पेठेतले, म्हणजे ४११०३० वाले हवेत. नुसतं ग्रेप (फाइलमधून हवा तो मजकूर असलेल्या ओळी शोधून देणारी कमांड) केलं की कोथरूडचे एक काकाही टपकतात, कारण त्यांच्या मोबाइल नंबरातच हे सहा आकडे ओळीने आहेत! म्हणून आकड्यांच्या पुढे डॉलरचं चिन्ह (ग्रेपमध्ये याचा अर्थ ‘ओळीचा शेवट’) लावलं, तर एकही ओळ येईना. फाइल विंडोजवर बनलेली आहे. कॅटला (फाइल पडद्यावर दाखवणारी कमांड) डॅश कॅपिटल ए लावून पाहिलं, म्हणजे न दिसणारी चिन्हंही दिसतात आणि ओळीचा शेवट डॉलरने दाखवला जातो, तर दर ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी ^एम दिसतं. हे काय प्रकरण? मूळ फाइलला हात न लावता (ग्रंथपाल काकूंची आहे, बिघडली तर माझी धडगत नाही) पाइपमध्येच (एका कमांडचं आउटपुट थेट पुढच्या कमांडला देताना) ते ^एम उडवता येईल का? त्यासाठी टीआर वापरू की सेड (दोन्ही मजकुरातली अक्षरं बदलणाऱ्या-काढणाऱ्या कमांड)?