मदत हवी आहे: अली कायदा एमएमएला (मिक्स्ड मार्शल आर्ट्सला) लावला तर चॅम्पियनचा पट्टा कोण देणार?
अमेरिकेतला 2000 चा मुहम्मद अली कायदा फक्त बॉक्सिंगपुरता आहे. लढतीतून स्वतःला किती पैसा मिळणार, हे प्रमोटरला (लढत भरवणाऱ्याला) बॉक्सरला सांगावंच लागतं. विशिष्ट प्रतिस्पर्ध्याशी लढू देण्याची अट म्हणून प्रमोटरने बॉक्सरकडून सक्तीने लिहून घेतलेले त्याच्या लढतींचे हक्क 12 महिन्यांपुढे चालत नाहीत. एमएमए फायटरला प्रमोटरच्या कमाईचा आकडाच कळत नाही, मग मानधनासाठी अडून बसणार कशाच्या जोरावर? कमाई सांगण्याचं कलम तरी लागू व्हायलाच हवं.

अडचण पट्ट्याची आहे. बॉक्सिंगमध्ये तो डब्ल्यूबीसीसारख्या (वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल) प्रमोटरहून वेगळ्या संस्था देतात. एमएमएच्या लढती भरवणारी यूएफसी कंपनी मात्र प्रमोटर असूनही पट्टा स्वतःच देते. कायदा लागू होऊन रँकिंग आणि पट्टा बाहेरच्या संस्थांकडे गेले, तर बॉक्सिंगसारखे एकाच वजनगटात चार-चार चॅम्पियन होणं कसं टाळायचं? ते काम राज्यांच्या अ‍ॅथलेटिक कमिशनकडे (लढतींवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थांकडे) देता येईल का? जाणकारांनी कृपया सांगा.