सारखी लाईट जाते तेव्हा: घरच्या बॅकअपचे अनुभव

वळवाचा पहिला पाऊस पडला की लाईटचा लपंडाव सुरू होतो. सलग चार तास लाईट जाणं वेगळं आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने आठ वेळा जाणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात उपकरणं जास्त जळतात आणि बॅटऱ्या लवकर मरतात. ज्यांनी घरचं गणित नीट बसवलं आहे त्यांनी आकड्यांसकट लिहावं: काय घेतलं, कसं जोडलं, काय बिघडलं आणि का.

नागपूर

बॅटरी घेताना सगळे विचारतात, किती तास चालेल? विचारायला हवं, परत भरायला किती तास लागतील?

१२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. इन्व्हर्टरमधला तोटा वजा करून आणि बॅटरी शेवटच्या थेंबापर्यंत न पिळता हाती येतात ११०० ते १२००. जुना सीलिंग पंखा ७५ वॉट घेतो, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा) ३०च्या आसपास, एलईडी बल्ब ९, राउटर १२. तीन जुने पंखे, चार बल्ब आणि राउटर मिळून २७३ वॉट, म्हणजे चार तास. फक्त पंखे बदलले की तोच भार १३८ वॉटवर येतो आणि आठ तास निघतात.

आता भरण्याचं. १५ अँपिअरच्या चार्जिंगवर उतरलेली ट्युब्युलर (नेहमीची पाणी-ॲसिडची) बॅटरी पूर्ण भरायला १० ते १२ तास लागतात. दिवसातून सहा वेळा लाईट गेली तर एवढा सलग वेळ मिळतच नाही. बॅटरी कायम अर्धपोटी राहते, प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि क्षमता घटत जाते. त्याच चार्जरवर दुसरी बॅटरी जोडणं हा यावरचा उपाय नव्हे. भरायला आणखी वेळ लागेल. पैसे आधी पंख्यांवर घाला. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी खूप लवकर भरते, पण इन्व्हर्टरमध्ये लिथियमची सेटिंग आहे का ते पाहूनच घ्या.

कल्याण

इन्व्हर्टरच्या वायरिंगमध्ये सर्वाधिक घोळ न्यूट्रलचा होतो. आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा सुरक्षा स्विच) फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला करंट सारखा आहे का, एवढंच पाहते. इन्व्हर्टरवरच्या खोल्यांचा न्यूट्रल दुसऱ्याच सर्किटच्या न्यूट्रलला जोडला असेल, तर ती विनाकारण पडत राहते. मग कोणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो. असं अजिबात करू देऊ नका. इन्व्हर्टरच्या सर्किटचा न्यूट्रल बोर्डापासून वेगळा ओढून घ्या.

दुसरा धोका थ्री-फेज इमारतीत. मेन न्यूट्रल तुटला किंवा सैल झाला की काही घरांत व्होल्टेज २३०वरून थेट ४००च्या दिशेने चढतं. खूण अशी: एका खोलीतले दिवे डोळे दिपवतात, दुसरीतले मिणमिणतात. दिसताक्षणी मेन स्विच पाडायचा; एकेक प्लग काढत बसायला वेळ नसतो. मेन बोर्डात ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला असेल तर हे काम तो आपोआप करतो.

लाईट जाताच फ्रिज आणि एसी बंद करा, आल्यावर पाच-दहा मिनिटं थांबा. कॉम्प्रेसरमधला दाब उतरायच्या आत पुन्हा सुरू केलं तर मोटर अडकते आणि तापते.

छत्रपती संभाजीनगर

उन्हाळ्यात दर महिन्याला बॅटरीचे फ्लोट (पाण्याची पातळी दाखवणाऱ्या तरंगत्या कांड्या) पाहा. पाणी फक्त डिस्टिल्ड, तेही वरच्या खुणेपर्यंतच; जास्त भरलं तर चार्जिंगला ॲसिड बाहेर येतं. आरओचं पाणी चालत नाही, त्यात क्षार उरतातच. वरून ॲसिड तर कधीच घालायचं नाही. टर्मिनलवर पांढरट-हिरवा थर आला की इन्व्हर्टर बंद करून आधी निगेटिव्ह केबल काढा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने ब्रशने घासा (झाकणं बंद हवीत, सोडा सेलमध्ये जाता कामा नये), कोरडं करून नट आवळा आणि पेट्रोलियम जेली लावा. ७०० वॉटच्या भाराला १२ व्होल्टच्या केबलमधून ६० अँपिअरच्या वर करंट वाहतो. सैल लग (केबलच्या टोकाची धातूची पकड) वितळतो तो त्यामुळे. चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन सुटतो, म्हणून बॅटरी बंद कपाटात किंवा देवघराच्या दिव्याजवळ नको.

पुणे

देखभालीसाठी इथे बहुधा गुरुवारी लाईट जाते, तेवढ्यासाठी घरून काम करणाऱ्याने मोठा इन्व्हर्टर घ्यायची गरज नाही. राउटर आणि फायबरचा डबा, दोन्हींना मिनी यूपीएस लागतो. अनेक जण दुसरा विसरतात. ॲडॉप्टरवर १२ व्होल्ट लिहिलंय की ९, ते वाचून त्याच आउटपुटला जोडा. इन्व्हर्टर असेल तर डेस्कटॉपसाठी मागचा स्विच 'यूपीएस'वर हवा, नाहीतर बदलाच्या क्षणी तो रीस्टार्ट होतो.

नाशिक

छतावर सोलर आहे म्हणजे लाईट जाणार नाही, हा समज महागात पडतो. नेट मीटरिंगचा ऑन-ग्रिड (उरलेली वीज महावितरणच्या लाईनला देणारा) सोलर लाईट गेली की भर दुपारीही बंद पडतो. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या करंटचा झटका बसू नये म्हणून तो तसाच बनवलेला असतो. बॅकअप हवा असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. हे कोटेशन घेतानाच विचारा.

ठाणे

उंच इमारतीत लिफ्टचा एआरडी (लाईट गेल्यावर लिफ्ट बॅटरीवर मजल्यापर्यंत आणणारं यंत्र) दर महिन्याला तपासा: केबिन रिकामी असताना मेन पाडायचा, लिफ्ट जवळच्या मजल्यावर येऊन दार उघडते का ते पाहायचं. त्याची बॅटरी मेलेली असते आणि कोणाला पत्ता नसतो. जनरेटरचंही तेच, डिझेल भरलेलं असतं, स्टार्टरची बॅटरी उतरलेली. आठवड्यातून एकदा भार देऊन चालवावा.

सोलापूर

घरात इन्सुलिन असेल तर: न उघडलेली कुपी २ ते ८ अंशांत ठेवायची असते. फ्रिजचं दार न उघडता साधारण चार तास थंडावा टिकतो. लाईट गेल्यावर कुपी बर्फाला चिकटवू नका, गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं. कापडात गुंडाळून झाकणाच्या डब्यात घाला आणि डबा ओल्या मडक्यात ठेवा. महावितरणचा १२ अंकी ग्राहक क्रमांक मीटरजवळ मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. १९१२वर तक्रार करताना अंधारात बिल शोधावं लागत नाही.