मेल्व्हिल थांबला नव्हता

'मोबी डिक' ही कादंबरी आपटल्यावर तिचा अमेरिकन लेखक हर्मन मेल्व्हिलनं लिहिणंच सोडलं, असं म्हटलं जातं. पूर्ण पटलं नाही. कादंबऱ्या १८५७ नंतर बंद झाल्या, हे खरं. पण १८६६ पासून १९ वर्षं न्यूयॉर्कच्या गोदीवर कस्टम्सची नोकरी (रोज ४ डॉलर!) करत हा माणूस कविता लिहीत होता. १८७६ची 'क्लॅरेल' ही जवळपास १८,००० ओळींची कविता. छपाईचा खर्च मामानं दिला, तरी खपली नाहीच. (प्रामाणिकपणे सांगायचं तर, आहेही दमछाक करणारी.) 'बिली बड' ही दीर्घकथा हस्तलिखितातच राहिली, १८९१ला तो गेला, ती छापून आली १९२४ला. नव्यानं वाचणाऱ्यांनी त्याच्या 'बार्टलबी' या कथेपासून सुरुवात करावी. एका बैठकीत संपते.